ताईच्या गाडीचं ऑइल

ताईने मला तिचं मूत्रपिंड दिलं त्याला आठ महिने झाले होते, पण त्याबद्दल तिने मला काहीही करू दिलं नव्हतं. मी घड्याळ घेऊन गेलो, ते तिने त्याच दिवशी लेकीच्या मनगटावर बांधलं. आभाराचा नुसता विषय निघाला की म्हणायची, "पुन्हा बोललास तर परत काढून घेईन."

अशात तिच्या नव्या एसयूव्हीच्या पडद्यावर 'इंजिन ऑइल बदला' अशी सूचना दिसू लागली. सर्व्हिस सेंटरवाले तीन आठवड्यांनंतरची तारीख देत होते. मी संधी साधली.

"मी बदलतो."

"तू? तुला गळका नळ दुरुस्त करता येत नाही!"

खोटं नव्हतं. मी मुद्रितशोधक, दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझी हयात गेली, हातात कधी पाना धरला नाही. पण गाडीचं माहितीपुस्तक मी तीनदा वाचलं होतं. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुकांवर खूणसुद्धा केली होती.

ताईने पुस्तक चाळून बघितलं. "बरं. पण मास्क लाव आणि हातमोजे घाल. आत माझा माल आहे, त्याला काही झालेलं मला चालणार नाही."

रविवारी सकाळी तिच्या दारापुढे गाडीची पुढची चाकं दोन रॅम्पवर चढवली, मागच्या चाकांना ओंडके लावले आणि मी खाली सरकलो. हल्लीच्या गाड्यांचं पोट प्लास्टिकच्या कव्हरने झाकलेलं असतं. ते काढायलाच पाऊण तास गेला. ताई शाळेत रसायनशास्त्र शिकवते. प्रत्येक स्क्रू तिने निघाला त्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवला.

ऑइल सोडायचा बोल्ट सैल केला, आणि खालच्या पसरट भांड्यात धार लागली. मला इतका आनंद झाला की मी पडल्या पडल्याच "जमलं!" म्हणून ओरडलो.

ताई वाकली. "हे लाल कसं?"

"नवी गाडी आहे. स्वच्छ असणारच."

"दहा हजार किलोमीटर फिरलेल्या इंजिनाचं ऑइल काळं असतं रे. हे तर सरबतासारखं दिसतंय. तू बाहेर ये आधी."

मी पुस्तकातली आकृती पुन्हा बघितली. इंजिनाचा बोल्ट हातभर पलीकडे होता. मी गिअरबॉक्स रिकामा केला होता.

ताईने ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. त्याने एकच विचारलं, "त्यानंतर गाडी सुरू केली का?"

"नाही."

"मग काही बिघडलेलं नाही. आता हात लावू नका. गिअरबॉक्सचं ऑइल घेऊन दुपारी येतो."

आम्ही पायरीवर बसलो. मी म्हणालो, "तुझ्यासाठी काहीतरी करायला गेलो, आणि हे असं..."

ताई हातावरचा डाग चिंधीने पुसत होती. "चार महिने तू माझं मूत्रपिंड नको म्हणत होतास. मला वाटायचं, हा संकोचापायी जीव देणार. मग एक दिवस तुझा फोन आला, 'ताई, चालेल.' एवढंच बोललास. मी वर्गात होते. फळ्याकडे तोंड करून रडले. मुलांना वाटलं, बाईंचं समीकरण चुकलं."

हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं.

"मला भाऊ राहिला," ती म्हणाली. "आणि तू वेड्यासारखा फेडायला निघालास."

"फेडत नव्हतो गं. मला फक्त... तुझं एखादं काम करावंसं वाटत होतं."

"मग कर की. अजून इंजिन बाकी आहे."

दुपारी गॅरेजवाला आला. हसू दाबत त्याने हातपंपाने गिअरबॉक्स भरला, गाडी थोडा वेळ चालू ठेवून पातळी बघितली आणि म्हणाला, "इंजिनाचंही उरकून टाकू का?"

"नाही," ताई म्हणाली. "ते हा करणार आहे. तुम्ही फक्त बोल्ट दाखवा."

या वेळी धार काळीकुट्ट आली. मी नवा फिल्टर बसवला, त्याच्या रबरी कड्याला बोटाने ऑइल चोळलं, बोल्टला नवा वॉशर घातला. नरसाळ्यातून ताई ऑइल ओतत होती, मी ऑइल मोजायची पट्टी काढून काढून पातळी बघत होतो. गाडी सुरू करून, गळती दिसावी म्हणून खाली दुसरा पुठ्ठा सरकवला. दहा मिनिटांनी तो कोरडाच निघाला. गॅरेजवाल्याने मान डोलावली आणि मला एवढा अभिमान वाटला की विचारू नका.

ताईने पाण्याची मोठी बाटली आणून दिली. डायलिसिसच्या काळात मला पाणी मोजून मिळायचं, घोट घोट पुरवावं लागायचं. मी बाटली तोंडाला लावली आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवली नाही. ताई बघत होती.

"आणखी आणू?"

"आण," मी म्हणालो.