कोरेवाडीचा शून्य

सरपंच जयराजला गाव टीबीमुक्त करायचं होतं, आणि त्यात अडचण एकच होती. त्याच्या बापालाच टीबी झाला होता.

रिटायर सुभेदार कृष्णात यांचा खोकला हेरला तो राहीबाईनं. राहीबाई काही डॉक्टरीण नव्हे. पाच वर्षांमागं तिला स्वतःलाच टीबी झाला, तेव्हा सासूनं तिचं ताट आणि तांब्या वेगळा काढून गोठ्यात मांडला होता. ती खडखडीत बरी झाली, मग सरकारनं तिला सहा दिवसांचं ट्रेनिंग, एक पिशवी आणि एक टोपी दिली आणि सांगितलं, आता पेशंटांच्या गोळ्या चुकू देऊ नका. टोपी तिनं नातवाला दिली. बाकीचं मात्र मनावर घेतलं.

"राहीमावशी," जयराज म्हणाला, "आबांचं नाव आपल्या गावात नगं. ताईच्या सासरी सांगलीकडं लिवू. शून्य पेशंट दिसलं की प्रमाणपत्र मिळतंय."

"आन् गोळ्या?"

"ताई पाठवंल की!"

"आरं, गोळ्या म्हंजी दिवाळीचा फराळ हाय व्हय, डब्यातनं पाठवायला?"

पण सरपंच विचारत नव्हता, सांगत होता. चार दिवसांत तालुक्याला जाऊन त्यानं नाव फिरवूनही आणलं. ताईच्या सासरी तर या रोगाचं नाव काढायचीही चोरी. ती कशाला जातीय गोळ्या आणायला!

राहीबाई दर आठवड्याला येऊन सुभेदारांना एकच प्रश्न विचारायची, "आबा, लघवीचा रंग कसा हाय?" या औषधानं लघवी तांबडी होते. पहिल्या दिवशी ती बघून सीमेवर गोळीबारात उभा राहिलेला गडी मोरीत मटकन खाली बसला होता. नाव फिरल्यावर ती आली, तेव्हा मात्र सुभेदार म्हणाले, "पाण्यासारखी. आठ दिस झालं, गोळीच न्हाई."

असं म्हणून ते खोकले. त्यांच्या मांडीवर जयराजची दोन वर्षांची शिवांजली बसली होती. आग लागो त्या प्रमाणपत्राला!

त्याच दुपारी तिच्या मोबाइलवरच्या यादीत नवा पेशंट आला. आक्काताई, वय साठ, मुक्काम कोरेवाडी. आता कोरेवाडीतली मांजरंसुद्धा राहीबाईला नावानं माहीत, पण ही आक्काताई कोण? तिनं सांगलीकडच्या गोमटेशला फोन लावला. गोमटेश म्हणजे ताईच्या सासरच्या गावातला जैन शेतकरी. तोही टीबीतनं उठून तिच्यासारखंच काम करणारा.

"आवं, आक्काताई आमच्या सरपंचाची चुलती!" गोमटेश म्हणाला. "आमचं गाव बी टीबीमुक्त व्हायलंय न्हवं! तिचा भाचा तुमच्याकडं मास्तर हाय, त्याच्या पत्त्यावर लिवलीया. आन् आमच्या यादीत ह्यो कोण सुभेदार आलाय वो?"

राहीबाईनं कपाळावर हात मारला. चोराच्या घरी चोर पाहुणा! दोन्ही गावं कागदावर ठणठणीत, आणि दोन्हीकडची माणसं घरात खोकत बसलेली. दुसऱ्या दिवशी कराडच्या स्टँडवर, रसवंतीच्या आडोशाला, दोघांनी गोळ्यांच्या पिशव्या बदलल्या, सुभेदारांच्या नावाची हिच्याकडं, आक्काताईच्या नावाची त्याच्याकडं. कुणी बघितलं असतं तर पोलीसच बोलावले असते.

तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीपुढं मांडव पडला. फ्लेक्सवर 'टीबीमुक्त कोरेवाडी' आणि त्याच्या तिप्पट मोठा जयराजचा फोटो. पेढेही आले होते. तालुक्याच्या साहेबांनी यादी उघडली आणि चष्मा वर केला.

"शून्य कुठंय, सरपंच? एक पेशंट दिसतोय. आक्काताई."

"कोण आक्काताई?" जयराज उसळला. "असली बाई गावात न्हाई! आपला रोगी दुसऱ्याच्या गावात ढकलायचा? लाज वाटत न्हाई लोकास्नी? राहीमावशी, सांगा सायबांना!"

राहीबाईला हसू आवरेना. ती माइकपाशी गेली. "सरपंच खरं बोलत्यात. आक्काताई सांगलीकडची हाय. तिला तिकडं पाठवा. आन् आपला एक पेशंट तिकडं लिवलाय, त्याला हिकडं आणा."

जयराजचा चेहरा उतरला.

"आपला कोण?" साहेबांनी विचारलं.

"त्ये मी सांगणार न्हाई. पेशंटचं नाव चारचौघांत फोडायचं नसतंय. ट्रेनिंगच्या त्या सहा दिवसांत तेवढं एक शिकलीया."

पुढच्या रांगेतनं सुभेदार उठले. तोंडाला रुमाल बांधलेला, पण पाठ अजून ताठ.

"मी सांगतो. लिवा सायेब. सुभेदार कृष्णात, गाव कोरेवाडी. लपून बसायला मी काय चोर हाय व्हय? आन् माज्या नातीला बी तपासा." मग ते राहीबाईकडं वळले. "गोळ्या हायत न्हवं? दे. जयराज, पाणी आण."

जयराज जागचा हलेना. त्याच्याच फोटोखाली त्याचाच पाय अडकला होता.

"सरपंच," सुभेदार परेडवर ओरडावं तसे ओरडले, "पाणी!"

जयराजनं पाहुण्यांच्या टेबलावरचा तांब्या आणला. सुभेदारांनी तांब्याला तोंड लावून गोळ्या गिळल्या. शेजारचं माणूस पटकन खुर्ची मागं सरकवायला लागलं. राहीबाईनं त्या माणसाकडं बघितलं, सुभेदारांच्या हातातला तोच तांब्या घेतला आणि सगळ्या गावादेखत उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"उष्ट्यानं होत न्हाई टीबी," ती म्हणाली आणि तांब्या पाहुण्यांच्या टेबलावर परत नेऊन ठेवला.