कोरियाच्या बाटलीतलं वाण

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. दुधी काचेची, पंज्याएवढी उंच, डोक्यावर पांढरा पंप. माझ्या अंगावर मागे थोडं इंग्रजी आणि पुढे मोठी कोरियन अक्षरं छापलेली आहेत. ती तुम्हाला वाचता येणार नाहीत, आणि ज्यांनी मला वापरलं त्यांनाही कधी वाचता आली नाहीत. मी जरा रागात बोलते आहे असं वाटलं, तर वाटू द्या. माझ्याशी जे झालं ते तुमच्याशी झालं असतं, तर तुम्हीसुद्धा गप्प बसला नसता.

माझा जन्म कोरियातल्या एका कारखान्यात झाला. भट्टीतून निघाल्यावर एका बाईनं मला उजेडासमोर धरून निरखलं. ज्यांच्या काचेत बुडबुडा होता त्यांना तिनं बाजूला काढलं, मला पुढे पाठवलं. तेव्हा मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मग माझ्या पोटात तांदळाच्या पाण्याचं पातळ लोशन भरलं गेलं. माझ्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की रोज थोडंच लावा, उन्हापासून चेहरा जपा, भरपूर पाणी प्या, पुरेशी झोप घ्या आणि फरक दिसायला धीर धरा. किती साधं होतं ते! मी कुणाला जादू करते असं सांगितलं नव्हतं.

मी आले ती छत्रपती संभाजीनगरला, गारखेड्यातल्या मोनिकाच्या पार्लरमध्ये. मराठी मी तिथंच शिकले, त्यामुळे माझ्या बोलण्यात मधूनच लई-बिई येतं, ते चालवून घ्या. मोनिकानं खोकं उघडलं आणि ते लगेच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. धीर धरायचा सल्लाही त्याच्याबरोबर गेला. मला मात्र तिनं आरशासमोर मधोमध ठेवलं. येणाऱ्या बायकांना ती सांगायची, "ताई, हे ओरिजिनल कोरियाचं. काचेसारखी स्किन होते." मला हसू यायचं. मी स्वतः काच आहे. काच असणं किती जोखमीचं असतं ते मला विचारा!

पण खरं सांगते, ते दिवस चांगले होते. मोनिका तेव्हा हात राखून, एकेक थेंब मोजून वापरायची. संध्याकाळी पार्लर बंद करताना ओढणीच्या टोकानं मला पुसायची. माझा तिच्यावर जीव जडला होता.

तिच्याकडं यायची बानाबाई. फुलंब्रीची. घरची मेंढरं, नवरा साहेबराव ती राखायचा, आणि बानाबाई रोज जीपनं शहरात येऊन गुलमंडीतल्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बाया थेट तिलाच शोधायच्या. "बानाबाईनं रेशीम म्हटलं म्हणजे रेशीम," असं म्हणायच्या आणि हात न लावता साडी बांधून न्यायच्या. मोनिकाचं पार्लर नवं होतं तेव्हा याच बानाबाईनं नवरीची साडी बांधता बांधता कितीतरी जणींना सांगितलं होतं, "मेकपला आमच्या मोनिकाकडं जा. हात लई हलका हाय पोरीचा." त्या शब्दावर मोनिकाचं पार्लर उभं राहिलं. मोनिका तिला मावशी म्हणायची.

यथावकाश माझं लोशन संपलं. मला वाटलं, आता माझं काम झालं, मोनिका मला निरोप देईल. तिनं मला धुतलं. गुलाबपाणी आणि ग्लिसरीन भरलं आणि पुन्हा आरशासमोर ठेवलं. मला ते खटकलं, पण गुलाबपाणीच होतं, म्हणून मी मनाची समजूत घातली. मात्र बायका कुरकुरायला लागल्या, "मोनिका, काही फरकच नाय गं." मग एक एजंट पार्लरला यायला लागला. त्याच्याकडं एक ट्यूब असायची. आठवड्यात चेहरा उजळतो म्हणायचा. मोनिकानं ती वाटीत पिळली, त्यात ग्लिसरीन घोटलं आणि माझ्या तोंडातून आत ओतलं. मित्रांनो, ते माझ्या पोटात पडलं आणि मला शिसारी आली. पण मला ओकता येत नाही. बाटलीला फक्त जे भरलं ते देता येतं.

दिवाळीनंतर एक दिवस बानाबाई आली ती पडक्या चेहऱ्यानं. दुकानाचे मालक राजेंद्रशेठ साड्यांचे व्हिडिओ करून मोबाइलवर टाकायचे. ते तिला म्हणाले होते, "बानाबाई, तुम्ही आता वरच्या मजल्यावर फॉल-पिकोचं बघा. खाली तरुण चेहरा पाहिजे." खाली श्रेया नावाची नवी मुलगी घेतली होती.

"एवढी वर्सं काउंटरला उभी राह्यले," बानाबाई म्हणाली, "अन् आता माळ्यावर जाऊन बसू काय? मला तसलं काही लाव मोनिका. धा वर्सांनी लहान दिसले पायजे."

मोनिकाचा हात माझ्याकडं आला आणि क्षणभर थांबला. मला वाटलं, नाही, हिला नाही लावायची ही. मावशी आहे ती तिची. पण तिनं पंप दाबला. चेहऱ्यावर वाफ दिली, मग डोळ्यांना भोकं असलेला ओला कागदाचा मुखवटा चढवला. आरशात पाहून बानाबाई इतकी हसली की मुखवटा घसरला.

मग ती रोज येता-जाता लावून घ्यायला लागली, आणि आठवड्यात चेहरा खरंच उजळला. साहेबराव म्हणाला, "दुधानं तोंड धुतीस काय?" शेठनं तिला काउंटरवरच राहू दिलं. बानाबाई हरखून गेली. आणि चांगल्या माणसाला आनंद झाला की त्याला तो वाटावासा वाटतो, हेच तिचं नडलं.

संक्रांत आली. बायकांनी हळदीकुंकू करायचं आणि आलेल्या प्रत्येकीला काहीतरी वस्तू द्यायची, त्याला वाण म्हणतात. कुणी वाटी देतं, कुणी चाळणी, कुणी प्लास्टिकचा डबा. बानाबाई पार्लरला येऊन म्हणाली, "यंदा माझं वाण येगळं. हे कोरियाचं औषध द्यायचं. गल्लीतल्या बाया रानात उन्हातान्हात करपत्यात, त्यांनी कधी चेहऱ्याचे लाड करायचे? बाटली भरून दे. छोट्या डब्या मी आणल्यात."

मोनिका गडबडली. "मावशी, ते... सगळ्यांना सूट नाही होत."

"मला झालं की. तू देतीस म्हणल्यावर काय, डोळं झाकून घेईन मी."

बस, एवढीच वेळ होती. मोनिकानं एक 'नको' म्हटलं असतं तर मी तिला सगळं माफ केलं असतं. मी वाट पाहिली. तिनं मान खाली घातली, आत जाऊन वाटीत ट्यूब पिळली, आणि मला गळ्यापर्यंत भरून मावशीच्या पिशवीत दिलं.

फुलंब्रीच्या त्या अंगणात मी हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी बसले होते. बानाबाई एकेका डबीत मला रिकामं करत होती. तिळगूळ द्यायची, कुंकू लावायची आणि डबी हातात ठेवताना सांगायची, "माझ्या भरवशानं लाव." शेजारची मालनबाई डबी हुंगून म्हणाली, "आगं बाई, वास तर लई भारी!" सगळ्या हसल्या. अशा आनंदाच्या जागी मला विष घेऊन बसवलं होतं, आणि ज्या पोरीवर मी जीव टाकला तिनंच बसवलं होतं.

शिमग्याच्या सुमाराला डब्या संपल्या. डब्या संपल्या आणि चेहरे पेटले. गहू काढायला रानात गेलेल्या बायांना ऊन सोसेना. कुणाचे गाल सोलल्यासारखे लाल झाले, कुणाला बारीक फोड आले, मालनबाईच्या ओठावर आणि हनुवटीवर काळी लव फुटली. ती पदरानं तोंड झाकून बानाबाईच्या दारात आली. "बाना, काय दिलंस गं आम्हाला?" बानाबाईच्या स्वतःच्या तोंडाचीही आग होत होती.

ती मालनबाईला घेऊन शहरातल्या घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय लावलं होतं?" बानाबाईनं पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मागचं इंग्रजी वाचलं आणि म्हणाल्या, "यात तर तांदळाचं पाणी आणि ग्लिसरीन आहे. यानं असं नाही होणार. शेतात फवारणी केली होती का? नवीन साबण?" मित्रांनो, त्या वेळचं माझं दुःख मी कसं सांगू! माझ्याच अंगावरची खरी अक्षरं खोट्याला पाठीशी घालत होती. मला ओरडायचं होतं, की बाई, माझं नका वाचू, माझ्या आत बघा!

मग त्यांनी सहज मला उलटं केलं. माझ्या बुडावर वापराची शेवटची तारीख होती. ती वाचून त्यांनी विचारलं, "मावशी, ही तर दोन वर्षांपूर्वीच बाद झाली. कधी भरलेली आणली होती?"

"संक्रांतीला. गळ्यापर्यंत."

डॉक्टरीणबाईंनी मला खाली ठेवलं. "म्हणजे कुणीतरी ती पुन्हा भरलीय. बाटली कोरियाची आहे, मावशी. आतलं नव्हतं. हे चेहरे स्टिरॉइडच्या मलमाचे आहेत. ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोंडाला लावायचं नसतं. पहिल्यांदा उजळवतं, मग कातडी पातळ करतं, आणि सोडलं की आग लावतं. बरं होईल, पण वेळ लागेल."

मालनबाई उठली. तिनं बानाबाईकडं एकदा बघितलं आणि तोंडावर पदर ओढून बाहेर जाऊन बसली.

बानाबाई तिथून तडक गारखेड्याला आली. पार्लरमध्ये कुणी नव्हतं. तिनं मला आरशासमोर माझ्या जुन्या जागी ठेवलं.

"यात काय व्हतं, मोनिका?"

"मावशी, कोरियाचंच..."

"डाक्टरीणबाईनं सांगितलंय मला. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मोनिका रडायला लागली. "आधी खरं होतं मावशी, शपथ. नंतर ज्याला त्याला लगेच फरक पाहिजे. सगळ्याच पार्लरवाल्या देतात असं तो एजंट म्हणायचा."

"संक्रांतीला तू मला नाय म्हणायचं व्हतंस. एवढंच."

"म्हणणार होते. पण मग तुम्हाला कळलं असतं."

"व्हय, मला कळलं असतं. मला एकटीला. चार शिव्या दिल्या असत्या अन् गप बसले असते. आता सगळ्या गल्लीला कळलंय, अन् त्यांच्या लेखी मीच केलंय. वाण माझ्या हातचं हाय ना."

मोनिका हुंदके देत राहिली. बानाबाईनं मला पुन्हा उचललं. "ही नेते मी. हितं राह्यली तर परत भरशील."

'नाही भरणार मावशी' एवढं तरी मोनिका म्हणेल म्हणून मी कान लावून होते. ती काही म्हणाली नाही. तेव्हा माझा शेवटचा धागा तुटला.

तेव्हापासून मी साड्यांच्या दुकानात, काउंटरखालच्या खणात राहते. बानाबाईचा चेहरा आता बराच निवळला आहे, थोडे डाग राहिले आहेत. बाहेर पडताना ती डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे पदर घेते, पाणी भरपूर पिते, वेळेवर झोपते. माझ्या फेकून दिलेल्या खोक्यावर हेच तर लिहिलं होतं! शेठनंही तिला माळ्यावर नाही पाठवलं. व्हिडिओत श्रेया दिसते, काउंटर बानाबाई सांभाळते. म्हणजे जागा वाचली, असं मला वाटलं होतं.

आज सकाळी मालनबाई दुकानात आली. मुलीचं लग्न ठरलंय तिच्या. बानाबाईनं आनंदानं गादीवर साड्या पसरल्या. एक जांभळी मालनबाईला आवडली. "रेशीम हाय, मालन," बानाबाई म्हणाली.

मालनबाई साडीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाना, एक धागा जाळून दाखवतीस का?"

दुकानात हे नेहमीचं आहे. खरं रेशीम केसासारखं जळतं, त्याची राख बोटानं चुरली जाते. नकली असलं की वितळून गोळी होते. परकी गिऱ्हाइकं विचारतात. पण बानाबाईला हे तिच्या गावच्या बाईनं आजपर्यंत कधी विचारलं नव्हतं. बानाबाईनं काडेपेटी काढली. पदराच्या टोकाचा एक धागा ओढला आणि पेटवला. केस जळल्याचा वास आला. राख तिनं मालनबाईच्या बोटावर ठेवली. मालनबाईनं ती चुरून पाहिली, मान हलवली आणि साडी बांधून घेतली. साडी खरी निघाली, तरी दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

ती गेल्यावर बानाबाई काडेपेटी ठेवायला खाली वाकली, तेव्हा श्रेयाला मी दिसले. "अय्या, मावशी, किती भारी बाटली! मला द्या ना. मी तेल-बिल ठेवीन."

बानाबाईनं मला बाहेर काढलं. माझ्या अंगावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"नको गं पोरी. हिच्यावरचं वाचून कुणीतरी पुन्यांदा भरवसा ठेवील."

मित्रांनो, तिनं मला जुन्या कागदात घट्ट गुंडाळलं आहे आणि कापड मोजायचा लोखंडी गज हातात घेतला आहे. मला भीती वाटत नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की माझ्यासारखी सुंदर रिकामी बाटली तुमच्या घरी असेल तर तिला तशीच फेकू नका, तशीच कुणाला देऊ नका. तिची अक्षरं खरवडा, पंप मोडा, नाहीतर फोडून नीट बांधून द्या, कचरा उचलणाऱ्याचा हात कापणार नाही अशी. आम्हाला बोलता येत नाही. कुणी आमच्या तोंडून खोटं वदवलं तर आम्ही ते थांबवू शकत नाही.

गज वर गेला आहे. मार, बानाबाई, जोरात मार.