फेअरचे अर्थ

तनुजा नांदेडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. परवा वर्गात ‘फेअर’ या विशेषणाचे अर्थ सांगताना तिला कंधारचे पाशामियाँ सर इतके आठवले, की रविवारी तिनं सरळ कंधारची बस धरली.

आठवीत हा शब्द त्यांनीच शिकवला होता. “फेअर म्हणजे काय?” असं विचारताच सगळा वर्ग ओरडला, “गोरा!” कुणीतरी म्हणालं, “सर, रफ वहीतलं फेअर करतो ते!”

सर हसले. “तेबी बरोबर. फेअर वेदर म्हणजे आभाळ मोकळं, हवा साफ. आन् सगळ्यात मोठा अर्थ रास्त. ज्याचं त्याला देणं.” तनुजानं सगळं वहीत उतरवून घेतलं.

त्याच आठवड्यात शाळेत पाहुणे येणार होते. स्वागतगीत तनुजाचं, तिच्यासारखा गळा शाळेत कुणाचाच नव्हता. पण शेवटच्या तालमीला सरांनी गोऱ्या मुली पुढं उभ्या केल्या आणि सावळ्या तनुजाला माईक देऊन पडद्याआड पाठवलं. हेडमास्तरांनीच तसं सांगितलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

“सर, एक इचारू? हे फेअर हाय का?”

“काय, बेटा?”

“मला पडद्यामागं ठिवलं ते.”

बाकीच्या शिक्षकांचे चहाचे कप हातातच राहिले. सरांनी चष्मा काढून सावकाश पुसला. मग सगळ्यांदेखत म्हणाले, “न्हाई. फेअर न्हाई. गलती माझी हाय.” आणि तसेच उठून हेडमास्तरांकडे गेले. आत काय बोलणं झालं ते तिला कधीच कळलं नाही, पण दुपारी ती पहिल्या रांगेत, मधोमध उभी राहून गायली.

मोठ्या माणसानं लहान पोरीपुढं चूक कबूल केलेली तिनं तोवर पाहिलीच नव्हती. आपणही शिक्षक व्हायचं, हे तिनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

“अहो, बघा तरी कोण आलंय!” रविवारी तनुजा कंधारला पोचताच सरांच्या पत्नी चांदबींनी दारातूनच हाक दिली. ऐंशी ओलांडलेल्या सरांनी तनुजाला आवाजावरून ओळखलं. तिनं मोठ्या उमाळ्यानं तो प्रसंग सांगायला घेतला, तसा त्यांचा चेहरा उतरला.

“मी? तुला पडद्यामागं उभं केलं व्हतं? मला तर काईच याद न्हाई, बेटा.”

तनुजाला कसनुसं झालं. तीस वर्षं तिनं जपलेलं सरांच्या गावीही नव्हतं.

“मग? मग काय केलं मी?” खाटेवर पुढं सरकत सरांनी काळजीनं विचारलं.

“तुम्ही सगळ्यांसमोर चूक कबूल केलीत, सर. मला पुढं उभं केलंत.”

“खरंच?”

“खरंच, सर.”

सर चांदबींना म्हणाले, “चहा ऱ्हाऊ दे, इकडं येऊन बस. तनुजा, पहिल्यापासून सांग. हिलाबी ऐकू दे.”