पिवळ्या फडक्याचा न्याय

सगळी गल्ली कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याच्या दारापुढे लोटली होती. करणी करणारा शोधायला बोलावलेल्या पारखी महाराजांनी आपल्या ओल्या पिवळ्या फडक्यानं एकेक उंबरा पुसत आणला. फडकं पिवळंच राहिलं. म्हाताऱ्याच्या उंबऱ्याला टेकलं मात्र, रक्तासारखं लाल! बायांनी पोरांना पोटाशी धरलं.

"रक्त बोललं!" महाराज गरजले. "हाच पोरांचे डोळे खातो. आजच्या आज हाकला याला!"

गल्लीतल्या पोरांचे डोळे आले होते. त्यात हा म्हातारा कायम दार लावून बसलेला, कुणाशी बोलणं नाही. पोरांनी फटीतून पाहिलं होतं: टेबलावर सुटे डोळे, टक लावून बघणारे. मनात पाल चुकचुकायला एवढं पुरतं.

शिंपी तावातावानं आत घुसला आणि म्हाताऱ्याची पेटी रस्त्यावर फेकायला घेऊन आला.

"बाबा, थांबा!" त्याची मोठी मुलगी ओरडली. "माझ्या फ्रॉकवरचा हळदीचा डाग आईनं साबण लावल्यावर असाच लाल झाला होता!"

"पोरी, देवाच्या कामात तोंड घालू नकोस."

"मग दुसरं पिवळं फडकं आमच्या धुण्याच्या बादलीत बुडवा की!"

महाराजांना एकदम निघायची घाई झाली. मी शाळेत विज्ञान शिकवते. मी त्यांच्या झोळीतलं दुसरं पिवळं फडकं काढून घेतलं आणि शिंपीणबाईंच्या धुण्याच्या बादलीत बुडवलं. लालभडक!

"आता काय, शिंपीणबाईही डोळे खातात?" मी विचारलं.

वर लिंबू पिळलं, फडकं पुन्हा पिवळं. हळद साबण-सोड्यात लाल होते, आंबटात पिवळी. रोज धुणं धुणाऱ्या बायांना डाग लाल होतो हे ठाऊक होतं, पण महाराजांपुढे एकीलाही आठवलं नाही.

"आजोबा, उंबऱ्यावर सोडा कुठून आला?"

"रोज सकाळी सोड्याच्या पाण्यानं धुतो." त्यांनी पेटी उघडली. "ज्यांचा डोळा गेलाय, त्यांच्यासाठी काचेचे डोळे घडवतो. घडवताना धुळीचा कण बसला तर पुढे माणसाला टोचतो. म्हणून दार बंद."

सकाळीच गल्लीत चक्कर मारून गेलेल्या महाराजांनी हे उंबरा धुणं बरोबर हेरलं होतं.

शिंप्यानं मान खाली घातली. "आजोबा, चुकलं माझं."

"ते राहू दे. तुझ्या धाकट्या पोराला डॉक्टरकडे नेलंस का?"

नेलं नव्हतं. इतके दिवस त्या लेकराच्या डोळ्यांत औषधाऐवजी महाराजांचं मंतरलेलं पाणी पडत होतं.

मंडळी, चमत्कार दिसला तर तो आधी स्वतः करून बघा. आणि पोराचे डोळे आले तर शेजाऱ्यावर संशय घेत बसू नका, दवाखाना गाठा.