हिरव्या काठाची दुलई

मी एक जुनी दुलई आहे. तान्ह्या बाळाला गुंडाळतात ना, तसली. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला हात लावायला घाबरू नका. हे सांगावं लागतं, कारण मधली काही वर्षं अशी गेली की माझा काठ नुसता दिसला तरी बायका बाळाला छातीशी घट्ट धरून मागे सरकायच्या.

माझा जन्म शिवणकामाच्या एका खोलीत झाला. तिथल्या काकू एका प्रसूतिगृहासाठी दुलयांचा ढीग शिवत होत्या. मऊ कापड, आत पिंजलेला कापूस, वरून टाके, आणि कडेला पांढरी पट्टी. माझी पाळी आली तेव्हा पांढरी पट्टी संपली. काकूंनी डबा उपडा केला, पुटपुटल्या आणि कुणाच्या तरी झग्यातली उरलेली हिरवी पट्टी मला लावून टाकली. "शोभतेय गं तुला," म्हणाल्या. मला काय माहीत, त्या हिरव्या काठामुळे पुढे मला सगळे दुरूनच ओळखणार आहेत.

ते प्रसूतिगृह चढाच्या अगदी मध्यावर होतं. फाटकाबाहेर पडलं की डाव्या हाताचा रस्ता वर जायचा आणि उजव्या हाताचा खाली. तिथली एक पद्धत होती. घरी निघालेल्या प्रत्येक बाळाला एक दुलई द्यायची आणि बाळ पहिल्या तपासणीला आलं की ती धुऊन परत आणायची. म्हणजे आम्ही दुलया अख्खं शहर हिंडायचो, तेही कडेवर बसून.

नवी होते तेव्हा मी नेहमी डावीकडेच गेले. काय ती घरं होती. खोल्या कोरड्या, खिडक्यांतून ऊन थेट पाळण्यात. नळाला गरम पाणी. बाळाची आई दिवसभर अंथरुणात, आणि तिला उठू न देणारी एक तरी मावशी, आत्या नाहीतर आजी दाराशी पहाऱ्याला. बाळं माझ्यावर ओकली, मुतली, एक तर शिंकलं आणि माझ्याकडेच असं बघायला लागलं की जणू मीच शिंकले. कुणी भेटायला आलं की विचारायचं, "बाळ कसंय?" आणि मग सगळे माझं टोक उचलून बघायचे. "किती ऊबदार आहे हो ही दुलई," असं म्हणायचे. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळेच. माझ्या कापसामुळे बाळं गुबगुबीत होतात. इतकी मी फुगले होते, आधीच कापसाची असून.

पण धुऊन धुऊन कापूस सरकतो. माझा मध्ये गोळा झाला, कडा पातळ पडल्या. कपाट सांभाळणाऱ्या मावशींनी मला वरच्या फळीवरून उचललं आणि खालच्या फळीवर ठेवलं. वरच्या फळीवरच्या जाड दुलया वरच्या रस्त्याला, खालच्या फळीवरच्या विरलेल्या खालच्या रस्त्याला, असा त्यांचा हिशेब. सिस्टरांनी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वरच्यांना विरकं दिलं की फोन येतो. खालचे काही बोलत नाहीत." मावशी दुष्ट नव्हत्या हो. दिवसभर पाय दुखायचे त्यांचे, आणि फोन त्यांनाच घ्यावा लागायचा.

मग मी पहिल्यांदा उजवीकडे वळले.

खाली कापड रंगवायचा कारखाना होता. त्याचं गरम पाणी घरांच्या मागून उघड्यावर वाहायचं, कधी जांभळं, कधी तांबडं. त्याची वाफ गल्लीत भरदिवसा इतकी दाटायची की समोरून येणाऱ्या माणसाचे आधी पाय दिसायचे आणि मग चेहरा. भिंती घामेजलेल्या. वाळत घातलेले कपडे ओलेच घडी व्हायचे. आणि शांतता. बाळं रडायची तिथेही, पण रडणं भिंतींत मुरून जायचं, जसं पाणी मुरतं. आणि भेटायला येणारी बाई उंबऱ्यातच थांबून हळूच विचारायची, "बाळ आहे ना?"

कसं आहे असं नव्हे. आहे ना.

तिथलं माझं पहिलं बाळ एक मुलगा होता. त्याचे तळपाय मी जितके लपेटायची तितकी मीच गार व्हायची. आई लवकरच कामावर गेली, जावंच लागलं. जमीन ओली, मी ओली, तो ओला. एका सकाळी मी त्याच्याभोवती होते आणि आत ऊब नव्हती. त्याच्या बापाने मला धुतलं, प्रसूतिगृहात आणून टेबलावर ठेवलं, चारही कोपरे सारखे केले आणि निघून गेला. तपासणीची तारीख अजून आलीच नव्हती.

मग असं पुन्हा झालं. आणि पुन्हा. खालच्या फळीवरच्या सगळ्याच दुलयांचं होत होतं, पण त्या सगळ्या पांढऱ्या. लक्षात राहिले मी.

"ती हिरव्या काठाची आली का?" सिस्टर विचारायच्या.

"आली. एकटीच आली," मावशी म्हणायच्या आणि मला चिमटीत धरून कपाटात टाकायच्या.

मित्रांनो, त्या कपाटात काय व्हायचं ते सांगते. घडी घातली तरी माझा मधला कापूस सपाट होत नसे. कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन निजावं तेवढा उंचवटा तिथे राहायचा. मावशी तळहाताने दाबायच्या, तो परत वर यायचा. दुपारी सगळीकडे सामसूम झाली की त्या उंचवट्यात कूस बदलल्यासारखं काहीतरी हलायचं. शेजारच्या दुलया माझ्यापासून अंग चोरायच्या. आणि मला वाटायला लागलं की लोक म्हणतात ते खरं असेल. माझ्यात काहीतरी आहे. मी बाळांना ऊब देत नाही, त्यांची ऊब पिऊन घेते.

एके दिवशी खालच्या रस्त्याची एक सून बाळंत झाली. कारखान्यात रंगाच्या हौदावर उभं राहून काम करणारी. दिवस भरायच्या आधीच झाली. मुलगी इतकी लहान की सासूच्या ओंजळीत मावली. ती सासू, म्हणजे बाळाची आजी, बोलायला खणखणीत बाई. घरी निघायची वेळ आली तेव्हा मावशींनी कपाट उघडलं. त्या आठवड्यात ऊन पडलंच नव्हतं, बाकीच्या दुलया दोरीवर ओल्या. खालच्या फळीवर मी एकटी.

आजींनी काठ पाहिला आणि त्या एक पाऊल मागे सरल्या. "ही नको."

"अहो आजी, दुलई आहे ती."

"माहितीये मला काय आहे ते. आमच्या गल्लीत दोनदा येऊन गेलीय ती. तिला बाळ देण्यापेक्षा पदराखाली झाकून नेईन."

सून नुसती बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होती.

सिस्टर बाहेर आल्या. त्यांनाही माझी भीती होतीच. "द्या हो मावशी वरच्या फळीवरची," त्या म्हणाल्या. मावशींनी कोरी करकरीत, जाड, पांढरी दुलई काढली. सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. आता चिंता नाही, असंच वाटलं सगळ्यांना. मलाही. एवढ्याशा बाळाला अजून ठेवून घ्यावं का, हा प्रश्न त्या दुलईच्या घडीत कुठेतरी गुंडाळून गेला. आजी आणि सून उजवीकडे वळल्या, आणि वाफेत आधी त्यांचे चेहरे गेले, मग पाय.

त्याच दुपारी वरच्या रस्त्याचं एक जोडपं निघालं. त्यांचाही मुलगा वेळेआधी झालेला, जवळजवळ तेवढाच लहान. वरची फळी रिकामी. मावशींनी डोळे मिटून मला पुढे केलं. त्या जोडप्याला कुठे काय माहीत. "किती गोड काठ आहे," बाळाची आई म्हणाली.

खरं सांगते, मी वाटभर अंग आखडून होते. त्या घरात पाळण्यात मला पसरलं तेव्हा बाळाला माझा स्पर्श होऊ नये म्हणून मी चुरगळायला बघत होते. कान त्याच्या श्वासाकडे. आता थांबेल. आता थांबेल. खोलीत ऊन होतं, कोपऱ्यात शेगडी होती, प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई स्वतः घरी येऊन त्याच्या छातीला नळी लावून जायच्या, आणि त्याची आई त्याला दिवसभर स्वतःच्या कुशीत ठेवायची. आणि मी वाट बघत होते. एका सकाळी त्याने माझा काठ मुठीत धरला, तोंडात कोंबला आणि भूक लागली म्हणून असं बोंबलला की शेजारचे विचारायला आले.

काहीच झालं नाही. मी तीच, विरलेली, ढेकळासारख्या कापसाची. आणि काहीच झालं नाही.

तपासणीच्या दिवशी तो माझ्यात गुंडाळलेला, लालबुंद गालांनी प्रसूतिगृहात आला. त्याला तपासायला मोकळं केलं आणि मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं. तेवढ्यात दार ढकलून आजी आत आल्या, मागे सून. आजींच्या हातात ती जाड दुलई. पांढरी म्हणवत नव्हती आता, ओलीने कडेकडेने तांबूस झालेली. आत मुलगी. डोळे मिटलेले, ओठ निळसर.

"दूध ओढत नाहीये," सून म्हणाली. "कालपासून रडलीसुद्धा नाही."

डॉक्टरीणबाईंनी दुलई उघडली आणि हात झटकन मागे घेतला. "ही तर भिजलेली आहे."

"अहो, पण नवी दिली होती," मावशी म्हणाल्या. "वरच्या फळीवरची."

"आमच्याकडे काही वाळत नाही, बाई," आजी म्हणाल्या. "नवं काय नि जुनं काय."

डॉक्टरीणबाईंनी बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं. "वरून पांघरायला काहीतरी कोरडं द्या. लवकर."

खोलीत कोरडी, अजून कोमट अशी एकच वस्तू होती. खुर्चीच्या पाठीवर. कुणी हलेना. मावशींचा हात अर्ध्यात थांबला. आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या त्या लाल गालांच्या मुलाकडे, जो नुकताच माझ्यातून निघाला होता, मग पुन्हा माझ्याकडे. सून म्हणाली, "आई, द्या ना ती."

आजींनी मला ओढून घेतलं आणि स्वतःच्या हाताने नातीवर पांघरलं.

माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. खाली ते गार, हलकं अंग. माझ्यातला उंचवटा तिच्या पाठीवर बरोबर बसला, जणू माझ्यातून गेलेल्या सगळ्या बाळांनी मिळून तिला धरलं होतं. बऱ्याच वेळाने माझ्याखाली काहीतरी वळवळलं, मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला, आणि सून रडायला लागली.

मुलगी प्रसूतिगृहातच राहिली, खिडकीजवळच्या कोरड्या खोलीत, आईसकट. दूध ओढायला लागली, अंग धरायला लागली. मग एके दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आता न्या घरी. ही दुलई ठेवा तुम्हालाच."

आजी बाकावरून उठल्याच नाहीत. "दुलई नको. कोरडी खोली द्या."

"आजी, ती आम्ही कुठून देणार?"

"मग बाळ त्या ओल्या भिंतीपाशी मी नेऊन ठेवू? आधी तुम्ही तिथे तासभर बसून या, आणि मग मला न्या म्हणा."

सगळ्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या रोज डावीकडून यायच्या आणि डावीकडेच जायच्या. त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चला," म्हणाल्या, आणि आजींबरोबर उजवीकडे वळल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा साडीचा काठ गुडघ्यापर्यंत तांबडा झाला होता. त्यांनी हात पुसले. मग मावशींना म्हणाल्या, "ती खिडकीजवळची खाट काढू नका. आणि तिच्या शेजारी अजून एक लावा."

मित्रांनो, आता त्या खोलीत खाटा दाटीवाटीने आहेत, आणि मी तिथेच असते. मला जपा. उन्हात घाला, कापूस पिंजून घ्या, उसवले तर टाका घाला. पण खालच्या रस्त्याला माझ्या पांढऱ्या बहिणी अजून जातात, आणि त्यांतल्या काही अजून एकट्याच परत येतात. अशी एखादी टेबलावर दिसली तर तिचा काठ बघत बसू नका. ती कुठून आली ते विचारा, आणि कुणीतरी मोठं माणूस बरोबर घेऊन तिथल्या भिंतीवर हात ठेवून या.