पोत्यातली साक्ष

मी पाटाची फळी बोलतेय. नाक मुरडू नका. आज इथे गुळगुळीत रस्ते, गॅलरीवाल्या इमारती आणि कुत्र्यांना फिरवायची बाग दिसते ना, तिथे एके काळी माझ्या मर्जीशिवाय कोथिंबिरीची काडीही उगवत नसे.

नदीचं पाणी शेतांत आणायला गावाने पाट खणला आणि त्याला जिथे दोन वाटा फुटायच्या तिथे सुताराने मला दगडाच्या खाचेत बसवलं. मी खाली असले की पाणी वरच्या मळ्यांना. मला उचललं की ते शेवटच्या शेतापर्यंत धावायचं.

मला हात लावायचा मान फक्त पाटकऱ्याचा. पाळीप्रमाणे पाणी सोडणं हे त्याचं काम. कोणी चहा पाजो की दम देवो, तो नुसतं घड्याळ दाखवायचा. शेवटचं शेत त्याच्या धाकट्या बहिणीचं होतं. नवऱ्यामागे ती एकटीच कांदा-वांगी पिकवायची.

"दादा, अजून पाच मिनिटं!"

"अगं, पाच मिनिटांत काय समुद्र भरायचाय?" असं म्हणत तो मला खाली टाकायचा. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

मग शहर सरकत आलं. वरचे मळेवाले जमिनी विकून मोकळे झाले. बिल्डरला पाट बुजवून त्यावरूनच रस्ता हवा होता. पाटाची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती, तो होता नुसता लोकांच्या तोंडी. चौकशी लागली. पाट होता असं ठरलं तर रस्ता अडणार, नव्हता असं ठरलं तर बहिणीचं पाणी तुटणार. पाटकऱ्याला तर बिल्डरने नव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं घर कबूल केलंच होतं.

चौकशीच्या आदल्या दुपारी त्याने मला खाचेतून काढून खांद्यावर घेतलं. डांबर लावायला नेतोय असं वाटून मी वेडी हुरळले. त्याने मला गोठ्यात नेलं, पोत्यात गुंडाळलं आणि वर कडबा रचला. मग जाऊन खाचेचे दगडही उपटले.

सकाळी बहीण नेहमीसारखी त्याच्या बैलांना वैरण टाकायला आली. कडबा उचलता उचलता पोतं तिच्या हाताला लागलं. तिने उघडून पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि मला पुन्हा झाकलं. मी म्हटलं, सुटले! आता ही चौकशीच्या साहेबालाच घेऊन येणार.

साहेब आला. गोठ्याच्या पत्र्याआडून मला सगळं ऐकू येत होतं.

"इथे पाट होता?"

"छे हो," पाटकरी म्हणाला. "पावसाळी चर होता. पाट असता तर फळी नसती का? दाखवा की कुठंय!"

मी सहा पावलांवर होते हो!

"दादा," बहीण म्हणाली, "नीट आठवून सांग."

"आठवलं. नव्हता."

आणि ती मूग गिळून बसली. त्याने केसाने गळा कापला, आणि हिने कापू दिला. दोघांवरही माझा तेव्हापासून राग आहे.

पाट बुजला. दोन उन्हाळ्यांत तिचं शेत करपलं आणि विकलं गेलं. तीच ती कुत्र्यांची बाग. तिथल्या हिरवळीला टँकरने पाणी घालतात. मी कोपऱ्यावरच्या घरात, जिन्याखाली, त्याच पोत्यात पडून राहिले. त्याला मला जाळवेना आणि माझ्याकडे बघवेना.

गेल्या रविवारी त्याने बहिणीला बोलावून घेतलं आणि मला तिच्यापुढे ठेवलं.

"मीच लपवली होती गं."

"माहितीये. त्या सकाळी मी पोतं उघडलं होतं."

"मग बोलली का नाहीस? तुझं शेत वाचलं असतं!"

"फळी काढली असती तर चारचौघांत तू खोटा पडला असतास. मला वाटलं, माझा दादा आहे, आपणहून बोलेल."

तिने मला हातही लावला नाही. चपला घालून निघून गेली.

तेव्हापासून मी जिन्याला टेकून उभी आहे आणि पाटकरी समोर बसलेला असतो. तुम्ही त्या बाजूला गेलात तर त्याला माझा एवढा निरोप द्या. बहीण तीन इमारती पलीकडे राहते. तिच्या दारापर्यंत आता चांगला रस्ता झालाय.