लोणच्याच्या पिंपावरचा घण

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुना घण आहे, अंगाने भारी पण मनाने गरीब. इस्तरवशन शहराच्या लोहारआळीत एका मोडक्या ट्रकच्या आसातून माझा जन्म झाला. माझा दांडा तुतीच्या लाकडाचा. उस्तो नुरुल्लो यांच्या दुकानात मी चाळीस वर्षे राबलो. उस्तो म्हणजे मुरलेला कारागीर. ही पदवी मागून मिळत नाही.

आमच्या कामाची एक रीत आहे. उस्तो लहान हातोडीने तापल्या लोखंडावर जागा दाखवतात आणि घणकऱ्याने मला नेमके तिथेच उतरवायचे. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचे. रिकाम्या ऐरणीवर घाव घातला, तर लोहारांचे पीर हजरत दाऊद यांचा अपमान होतो.

उस्तोंचा मुलगा सुहरोब हा माझा घणकरी. हिवाळ्यात तो कामासाठी रशियाला गेला. शेजारी हळहळले, "म्हाताऱ्यावर घणाचा घाव बसला हो!" मला फार वाईट वाटले. माझ्या घावांनी फाळ घडले, खोरी घडली. मी कुणाचे घर मोडले नाही. पण माझी बाजू कोण ऐकणार? मला सलगमच्या लोणच्यावर दडपण म्हणून ठेवले. तो वास अजून गेलेला नाही.

वसंतात पाट वाहू लागले. लोक खोरी मागायला आले. एकट्याने खोरे घडत नाही.

"दुकान बंद करतो," उस्तो म्हणाले. "घण भंगारात देऊन टाकू."

माझा जीव खालीवर झाला. तेवढ्यात त्यांची बायको सबोहत तंदूरजवळून हात झटकत आली आणि तिने मला पिंपावरून उचलले.

"अहो, लोखंड तापवा."

"वेड लागलंय का? घण आहे हा, कणकेचा गोळा नाही!"

"तीस वर्षं परात परात कणीक तिंबतेय मी. तुम्ही नुसती जागा दाखवा."

घाव नेमके पडू लागले. मग तिला चेव चढला. उस्तोंनी खोरे उचलून हातोडी आडवी ठेवली, ते तिने पाहिलेच नाही. मी रिकाम्या ऐरणीवर ठणकन आदळलो. सारी आळी थबकली. सबोहतने रुमाल सावरला, ऐरणीवर हात ठेवून पिरांची माफी मागितली आणि नवऱ्याकडे वळली.

"पीर क्षमा करतील. तुम्ही काय बघताय? लोखंड गार होतंय!"

उस्तो खो खो हसले. मुलगा गेल्यापासून ते हसलेच नव्हते.

संध्याकाळपर्यंत तीन खोरी तयार झाली. एका शेतकऱ्याने पात्यावर बोट फिरवले.

"सुहरोब परतला वाटतं? घाव कसे एकसारखे पडलेत! घणकरी कोण?"

उस्तोंनी बायकोकडे पाहिले. "उस्तो सबोहत," ते म्हणाले.

"अगं बाई, माझ्या रोट्या करपल्या!" म्हणत ती तंदूरकडे पळाली. तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिले.

मित्रांनो, दांडा सैल झाला म्हणून जुने हत्यार भंगारात देऊ नका. दांडा पाण्यात भिजत ठेवा. लाकूड फुगून घट्ट बसते. आणि उचलणारे कुणी उरले नाही असे वाटले, तर आधी आपल्याच घरात नीट बघा.